ठराव, लिलाव आणि टीपी

धानोऱ्याहून मेंढ्याला जायला तीनेक किलोमीटर पडतात, आणि तेवढ्यात कारभाराचा कायदा बदलतो. धानोरा हे गडचिरोली जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण २०१५पासून नगरपंचायत आहे. तिथे मुख्याधिकारी आहेत, सतरा नगरसेवक आहेत, ई-निविदा आहे. मेंढा (लेखा) हे त्याच तालुक्यातले एक गोंड गाव. तिथे सगळे प्रौढ स्त्री-पुरुष मिळून ग्रामसभा होते आणि ती ग्रामसभा बांबूचा लिलाव करते, करारनामा करते, हिशेब लिहिते. चंद्रपूर जिल्ह्यातही अशीच एक जोडी सापडते : गोंडपिपरी नगरपंचायत आणि त्याच तालुक्यातले पाचगाव. हे पुस्तक प्रामुख्याने मेंढा आणि पाचगावसारख्या गावांच्या कागदपत्रांचे आहे. प्रस्तावनेत मात्र धानोरा आणि गोंडपिपरीलाही सोबत घ्यावे लागेल, कारण एकाच तालुक्यातले दोन कारभार शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय या कागदांचे मोल कळत नाही.

कागद म्हणजे काय, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाचा अपेक्षाभंग होणार नाही. इथे लिलावाचे जाहीरनामे आहेत, ग्रामसभांचे ठराव आहेत, ठेकेदारांशी केलेले करारनामे आहेत, मजुरीचे तक्ते आहेत. या गावांची गोष्ट वाचायची असेल तर मिलिंद बोकील यांनी मेंढा आणि पाचगाव या दोन्ही गावांवर स्वतंत्र पुस्तके लिहिली आहेत, ती घ्यावीत. गोष्टीत न मावणारा रुक्ष ऐवज इथे आहे. कलमे, तारखा, हप्ते, अनामत रक्कम. मला स्वतःला हा रुक्ष ऐवज अधिक बोलका वाटतो. गावाने जंगल राखले हे ऐकायला छान वाटते; पण राखलेल्या जंगलातला बांबू कोणत्या दराने, कोणाला, कोणत्या अटीवर विकला आणि पैसे बुडाले तेव्हा काय केले, हे विचारले की सभा-संमेलनांत शांतता पसरते.

गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत ठेका हा शब्द जंगलाइतकाच जुना आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, त्याआधी हे सगळे चांदा, म्हणजे चंद्रपूर. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ची. तिला लागणारा बांबू या जंगलांतून सरकारी कराराने, सवलतीच्या दरात जात असे. करार मुंबईत व्हायचा, कूप, म्हणजे तोडीचा पट्टा, वनखात्याच्या आराखड्यात ठरायचे आणि गावाच्या वाट्याला कटाईची मजुरी यायची. घराला, कुंपणाला, टोपली विणायला दोन बांबू आणले तर मात्र गुन्हा दाखल होण्याची भीती. तेंदूपत्त्याचेही तेच. १९६९च्या वनोपज व्यापार नियमन कायद्याने तेंदूचा व्यापार शासनाच्या ताब्यात गेला. वनखाते जंगलाचे युनिट पाडणार, युनिटचा लिलाव करणार, ठेकेदार फळी, म्हणजे पान खरेदीचे केंद्र, लावणार, गाव पान तोडणार. करारात दोन पक्ष होते, शासन आणि ठेकेदार. ज्याच्या शिवारात हे घडत होते तो तिसरा पक्ष कागदावर कुठेच नव्हता.

१९८४च्या सुमारास इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात होते. त्या वातावरणातून मेंढ्याचे देवाजी तोफा पुढे आले, आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल या गावाशी जोडले गेले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. ती अनेकांना पाठ असते. तिच्यामागे चाललेले अभ्यासगट, गावकऱ्यांनी बाहेरच्या जाणकाराला बोलावून एखादा कायदा, एखादी योजना समजून घेण्याची ती चिकाटी, हे तितकेसे कोणाला ठाऊक नसते. निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा, बहुमताने नाही, हा नियमही त्याच काळातला. एकाचा विरोध असला तरी विषय पुढच्या सभेत जातो. शहरातल्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटेल. पण सही करून आल्यावर गावात दोन तट पडले की कोणताही ठेकेदार त्या फटीतून आत शिरतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तसे वाटणार नाही.

२००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला दिली आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचे नाव स्पष्ट घातले. २००९मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा आणि गडचिरोलीतलेच मर्दा ही दोन गावे होती. हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, वनखाते देईना. कारण १९२७च्या भारतीय वन अधिनियमात बांबू हे झाड होते. एका कायद्यात गवतासारखे उगवणारे गौण उत्पादन आणि दुसऱ्यात इमारती लाकडाच्या रांगेतले झाड, अशा दुहेरी अवस्थेत गावाचा बांबू अडकून पडला. मार्च २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानावा असे कळवले आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात आले. टीपीचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले.

त्या दिवसाकडे बहुतेकांनी सन्मानाचा सोहळा म्हणून पाहिले. मला त्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. टीपी ज्याच्या हातात, त्याच्या हातात मालाचे कुलूप. ठेकेदार बोली कितीही मोठी लावो, टीपीशिवाय त्याचा ट्रक पहिल्या नाक्यावर अडतो. म्हणजे ‘हप्ता जमा झाल्याशिवाय टीपी फाडायची नाही’ एवढे एक वाक्य करारात असले आणि ते पाळण्याची हिंमत असली, की गावाला वकील, न्यायालय, पोलीस यांतले काहीही लागत नाही. २०१२मध्ये वनहक्क नियम दुरुस्त झाले आणि हा परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा, हे नियमातच आले. या पुस्तकातले चांगले करारनामे आणि फसलेले करारनामे यांत फरक कुठे आहे, हे शोधायला बसलात तर बहुतेक वेळा तो याच वाक्यापाशी सापडेल. दर किती मिळाला याची चर्चा फार होते. पैसे कधी मिळाले, याची होत नाही.

मेंढ्याच्या बांबूविक्रीत ग्रामसभेला बरीच नवी कामे अंगावर घ्यावी लागली. ग्रामसभेची नोंदणीकृत ‘ग्राम नियोजन व विकास परिषद’ होतीच; त्यापुढे पॅन क्रमांक, बँकखाते, कराची कपात, कटाईची मोजणी, लांब बांबू आणि बंडल यांचा वेगळा हिशेब. बांबूची कोणती रांझी, म्हणजे बेट, तोडायची, कोणती राखायची, कोवळा बांबू कसा ओळखायचा हे गावाला शिकवावे लागत नाही. शिकायचे होते ते जाहिरात कशी द्यायची, निविदा सगळ्यांसमोर कशी उघडायची, सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याची ऐपत कशी तपासायची. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. सरकारी कार्यालयात निविदा उघडताना ठेकेदार आणि कर्मचारी हजर असतात. ग्रामसभेत निविदा उघडते तेव्हा बांबू तोडणारा माणूस समोर बसलेला असतो, आणि ‘या दरात आमची मजुरी किती?’ हा प्रश्न तो त्याच जागी विचारतो. अंदाजपत्रकात मजुरी हा एक आकडा असतो. इथे तो आकडा तोंडाने बोलतो.

पाचगावची गोष्ट जरा वेगळी. हे गाव अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसाचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याचा, आधार त्याला नाही. सगळे वनहक्क कायद्यावर. परोमिता गोस्वामी यांच्या एल्गार प्रतिष्ठानची साथ होती. २०१२मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला आणि गावाने आपले नियम स्वतः लिहून काढले. बांबू विकायचा हे ठरले. तेंदूपत्ता तोडायचा नाही, हेही ठरले. चांगल्या पानासाठी झुडपे छाटावी लागतात, काही ठिकाणी आगी लावल्या जातात, मग झाडाला फळ धरत नाही; एरवी ते फळ माणसे खातात, पाखरेही खातात. हाती येणारा पैसा गावाने हिशेब करून सोडला. नियोजन म्हणजे कामांची यादी, अशी आपल्याकडे समजूत आहे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत याद्याच मंजूर होतात. कोणता ठेका द्यायचा नाही हे ठरवणे हाही नियोजनाचाच भाग असतो, आणि तो ठराव पाचगावने लिहून ठेवला. जंगलाचा एक तुकडा त्यांनी देवाच्या नावाने पूर्ण राखीव ठेवला आहे, तिथे कसलीच तोड नाही.

गडचिरोलीत मात्र तेंदू म्हणजे वर्षाचा रोख पैसा. मे महिन्यातले जेमतेम दोन-तीन आठवडे. पहाटे अंधारात घर रिकामे होते, दुपारपर्यंत पाने येतात, मग अंगणात सगळे घर पुडे बांधायला बसते, आजीपासून शाळकरी पोरापर्यंत. महाराष्ट्रात एक पुडा सत्तर पानांचा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी पुडे फळीवर जातात आणि जमिनीवर ओळीने मांडले जातात. ठेकेदाराचा मुन्शी काठी घेऊन ओळीतून चालतो, शंभरी मोजतो, मोजताना शेकड्यामागे दोन-चार पुडे जास्तीचे मागतो, आणि एखादा पुडा उचलून ‘पान बारीक आहे’ म्हणून बाजूला फेकतो. करारनाम्यातला दर काहीही असो, त्या काठीच्या टोकाशी तो बदलतो. म्हणून ज्या ग्रामसभांनी फळीवर आपला मुन्शी बसवला, त्यांच्या करारात ते एक कलम सगळ्या रॉयल्टीइतके मोलाचे आहे. पुस्तकात अशी कलमे मुद्दाम शोधून पाहावीत. ती शेवटी शेवटी, बारीक अक्षरात असतात.

महाराष्ट्राचे पेसा नियम मार्च २०१४चे. त्यानंतर अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांपुढे तेंदूसाठी दोन पर्याय आले : वनखात्याकडून लिलाव करून घ्यायचा किंवा स्वतः करायचा. गडचिरोलीत शेकडो ग्रामसभांनी दुसरा रस्ता धरला. २०१७चा हंगाम अफाट गेला. बोली अशी चढली की जुन्या जाणत्यांनाही विश्वास बसेना. मग जुलैपासून जीएसटी आला, विडीवर २८ टक्के आणि तेंदूपानावर १८ टक्के. आदल्या वर्षीच्या भावाने भरलेली गोदामे आणि पुढ्यात नवा कर. २०१८मध्ये भाव कोसळले, कित्येक ठिकाणी ठेकेदार फिरकलेच नाहीत, कित्येकांनी माल उचलला आणि रॉयल्टी थकवली. मजुरी मिळाली, पण ग्रामसभा कोषात यायचे पैसे अडकले. गावांनी तहसीलच्या चकरा मारल्या, निवेदने दिली. तिथे उत्तर ठरलेले : करार तुम्ही केला, आम्ही नाही.

ते उत्तर कायद्याने बरोबर होते, म्हणूनच अधिक बोचणारे. चाळीस-पन्नास वर्षे शासनाने हा व्यापार आपल्या हातात ठेवला, त्याची सगळी विद्या खात्यात ठेवली आणि मग एका परिपत्रकासरशी गावाला म्हटले, करा लिलाव. ठेकेदाराची पत तपासायची कशी, बँक हमी म्हणजे काय, भाव पडल्यास करारात काय लिहायचे, हे कोणी शिकवले? बऱ्याच गावांत करारनामा ठेकेदाराच्या दिवाणजीनेच टाइप करून आणला. गावाने ठराव केला, सह्या केल्या, अंगठे दिले. ग्रामसभेच्या नावाने झालेला प्रत्येक व्यवहार ग्रामसभेने केलेला असतोच असे नाही. मधे बोलका तरुण असतो, पुढारी असतो, कधी कधी तोच ठेकेदाराचा माणूस निघतो. शिवाय दक्षिणेकडच्या तालुक्यांत तेंदूच्या पैशावर जंगलातल्या दादालोकांचाही, म्हणजे नक्षलवाद्यांचाही, डोळा राहिला, हे पोलीस, ठेकेदार, गाव सगळ्यांना माहीत होते आणि कोणत्याही करारनाम्यात ते लिहिलेले नाही.

यावर गावांनी काही तोडगे काढले. गडचिरोलीतल्या कोरची तालुक्यात नव्वदेक ग्रामसभा एकत्र येऊन महाग्रामसभा झाली. एकट्या गावाला ठेकेदार झुलवतो. नव्वद गावे एका दिवशी, एका मांडवात, एकाच मसुद्यावर लिलाव करतात तेव्हा त्याला बोली लावावी लागते किंवा घरी जावे लागते. बायकांच्या संघटना तिथे जुन्या आणि जाग्या होत्या, त्यांनी सभेतली आपली जागा मागून घेतली. पान तोडते बाई, पुडा बांधते बाई आणि मजुरीच्या यादीत नाव नवऱ्याचे, ही रीत बदलायला त्यांना लिलाव सुधारण्यापेक्षा अधिक भांडावे लागले. त्याच कोरचीत आणि एटापल्लीत लोहखनिजाच्या खाणींचे करार मात्र फार वर झाले. एटापल्लीतल्या सुरजागडच्या डोंगराचा खाणपट्टा मंजूर करताना बोली, दर, अटी यांतले काहीही गावाच्या सभेत उघडले गेले नाही. बांबूच्या शंभर ट्रकांवर अधिकार आणि डोंगरावर नाही, या विसंगतीचा उलगडा हे पुस्तक करत नाही; त्यासाठी वेगळे पुस्तक लागेल.

आता धानोरा आणि गोंडपिपरीकडे वळू. नगरपंचायतीतली पद्धत कागदावर ग्रामसभेपेक्षा कितीतरी काटेकोर आहे. ठरावीक रकमेवरचे काम ई-निविदेने; ही मर्यादा पूर्वी तीन लाखांची होती, मग दहा लाखांची झाली. त्याखालची कामे मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले कंत्राटदार यांच्यात ३३, ३३ आणि ३४ टक्क्यांनी वाटायची. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, त्रयस्थ तपासणी. एवढ्या चाळण्या लावूनही नाली पहिल्या पावसात का खचते, हे कोणत्याही चौकात पानठेल्यावर विचारा. काम मर्यादेखाली बसावे म्हणून एका रस्त्याचे तीन तुकडे होतात : अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत. निविदा अंदाजपत्रकाच्या पंचवीस-तीस टक्के खाली, ‘बिलो’, जाते आणि तेवढे सिमेंट रस्त्यातून जाते. सभेच्या विषयपत्रिकेवर शेवटचा विषय असतो, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. सगळा जीव त्या एका ओळीत. विषयपत्रिका आधी वाटायची ती सदस्यांनी तयारी करून यावे म्हणून. आणि ज्याची तयारी व्हायला नको, तो विषय ऐनवेळी येतो.

नियोजनाचे त्याहून अवघड. नगरपंचायत झाली की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली विकास आराखडा करावा लागतो. नकाशा उघडला की गावठाणाभोवती राखीव जंगल, आणि उरलेल्या जागेत झुडपी जंगल. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीवर हा महसुली शिक्का आहे. शाळा, स्मशान, वस्त्या त्यावर उभ्या राहून पिढ्या गेल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच असल्याचे सांगितले आणि १२ डिसेंबर १९९६पूर्वीच्या वापरांना केंद्राच्या मंजुरीने वाट ठेवली. कचरा टाकायला जागा कुठे, घरकुलाला जागा कुठे, या प्रश्नांची उत्तरे त्यामुळे नगरपंचायतीच्या सभागृहात मिळत नाहीत. ती मंत्रालयात आणि दिल्लीत मिळतात, आणि मिळेपर्यंत कार्यकाळ संपतो.

गावाची नगरपंचायत झाल्यावर लोकांच्या हातून नेमके काय जाते, याचाही हिशेब कोणी मांडत नाही. रोजगार हमीचे काम ग्रामीण भागापुरते, ते जाते. आदिवासी उपयोजनेतला पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळणारा पाच टक्के निधी जातो. आणि ग्रामसभा जाते. मुळात राज्यघटनेच्या २४३-झेडसी अनुच्छेदाने नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही. संसदेने कायदा करून तो लावायचा. पंचायतींसाठी तसा कायदा १९९६मध्ये झाला, तोच पेसा. नगरपालिकांसाठीचे विधेयक २००१मध्ये मांडले गेले आणि तिथेच राहिले. तरीही अनुसूचित क्षेत्रातल्या धानोरा, कुरखेडा, एटापल्ली इथे नगरपंचायती चालू आहेत. महाराष्ट्राच्या नागरी कायद्यांत २००९मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली खरी, पण या भागातल्या किती नागरिकांनी तो शब्द ऐकला असेल?

संकेतस्थळावर निविदा टाकली म्हणजे कारभार पारदर्शक झाला, असे मानणारे अधिकारी मला भेटतात आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नसते. निविदा कोणालाही दिसते, हे खरेच. पण पाहून पुढे काय करायचे? मेंढ्यातल्या म्हातारीला संकेतस्थळ माहीत नसेल. तिला सभेत ‘थांबा’ म्हणता येते आणि ती म्हणाली की थांबावे लागते. धानोऱ्यातल्या पदवीधराला निविदेचा प्रत्येक कागद मोबाइलवर वाचता येतो आणि ‘थांबा’ म्हणायची जागाच नाही. माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिकेची प्रत त्याला मिळेल, तोवर बिल निघालेले असते. नगरपंचायतींनी ग्रामसभेसारखे वागावे असे मी म्हणत नाही. काही हजार लोकांच्या गावात सर्वसहमती चालायची नाही. पण ज्या प्रभागात काम, त्या प्रभागात अंदाजपत्रक मोठ्याने वाचून दाखवायला कोणताही कायदा आडवा येत नाही.

या संग्रहातले कागद वाचताना एक पथ्य पाळावे. ठराव आणि करारनामा सोबत वाचावा, सुटा वाचू नये. ठरावात गाव बोलते, करारनाम्यात बहुधा दुसरेच कोणी. जिथे दोघांची भाषा जुळते तिथे व्यवहार सहसा नीट पार पडला आहे. जिथे जुळत नाही तिथे पुढच्या पानावर थकबाकीचे निवेदन सापडेल. फसलेले कागदही संपादकांनी गाळले नाहीत, ते बरे केले. शेवटी तेंदू आणि बांबू यांच्या करारनाम्यांचे दोन कोरे नमुने जोडले आहेत. दर, गोण्यांचा अंदाज, गावाचे नाव, या जागा मोकळ्या आहेत. हप्ते, टीपी आणि फळीवरचा मुन्शी यांविषयीची कलमे मात्र छापील आहेत. ती बदलायची असतील तर सभेत दोनदा वाचूनच बदलावीत, अशी सूचना नमुन्याखाली दिली आहे.